बत्तीस नंबरचा जोड

आमच्या ह्यांना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. कारखान्यात ते बत्तीस नंबर, शेजारीपाजारी बत्तीस नंबर, आणि मी भाजी आणायला गेले की बत्तीस नंबरची बायको. बॉयलरच्या कारखान्यात प्रत्येक वेल्डरला एक नंबर मिळतो. जोड पुरा होऊन थंड झाला की त्याच्या शेजारी पोलादी पंच धरायचा आणि हातोडीच्या ठोक्यानं आपला नंबर उमटवायचा. मग तो बॉयलर कुठेही जावो आणि कितीही वर्षं चालो, तो जोड कोणाचा हे पत्र्यावर कायमचं राहतं. ह्यांनी छत्तीस वर्षं तो ठोका दिला आणि छत्तीस वर्षांत त्यांचा एकही जोड गळला नाही. हे मी सांगत नाही, तेच सांगतात. जेवताना सांगतात, दाढी करताना सांगतात, आणि पाहुणा नवा असेल तर दारातच सांगतात.

बॉयलरच्या कामात माणसाचे कान जातात. ह्यांचा डावा कान पार गेलाय, उजवा अर्धामुर्धा आहे. त्यामुळे आमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नाही. मी मीठ मागितलं तरी समोरच्या घरात कळतं. भांडायचं असेल तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि मी काही दर वेळी लावत नाही.

दहांतल्या एका जोडाचा एक्स-रे काढायचा असा कारखान्याचा नियम होता. आत कुठे पोकळी राहिली का, दोन्ही कडा नीट वितळून एक झाल्या का, हे वरून दिसत नाही, फोटोतच दिसतं. पण ह्यांच्या जोडापाशी आलं की तपासनीस नंबर बघायचा आणि पुढे सरकायचा. बत्तीसचा आहे, त्याचा काय फोटो काढायचा, असं म्हणायचा. ही सवलत कोणी लिहून दिली नव्हती, आपोआप मिळत गेली. ह्यांना तिचा एवढा अभिमान की एकदा एका नव्या तपासनिसानं नियमाप्रमाणे फोटो काढला तर हे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. फोटो स्वच्छ निघाला होता, तरीही.

माणूस निवृत्त झाला की त्याचा नंबरही बंद व्हायचा, हासुद्धा नियमच. आमचा मुलगा तेव्हा तिथेच वेल्डर होता, एकसष्ट नंबर. निवृत्तीच्या आठवड्यात हे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि माझा नंबर मुलाला द्या म्हणाले. साहेब म्हणाले, पुढे घोळ होईल. हे म्हणाले, घोळ कसला, बत्तीस म्हणजे बत्तीस. साहेबांनी शेवटी कंटाळून होकार दिला आणि ह्यांनी आपला पंच सगळ्यांसमोर मुलाच्या हातात ठेवला. त्या दिवशी मीही कौतुकानं रडले होते. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

ह्यांची दुसरी ओळख म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे उपासनेची जबाबदारी असलेले ज्येष्ठ. रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा आणि बुधवारी संध्याकाळी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घ्यायचा, ही कामं त्यांच्याकडे. गर्व हा आवडता विषय. दुसऱ्याचा गर्व, अर्थातच. देव गर्विष्ठांच्या विरुद्ध उभा राहतो आणि नम्रांवर कृपा करतो, हे ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं देवानं आधी ह्यांचा सल्ला घेतला होता. एकदा वर्गाला येणाऱ्या औषधवाल्याच्या मुलाला परीक्षेत कॉपी केली म्हणून कॉलेजनं काढून टाकलं. औषधवाला जरा ताठ मानेचा माणूस होता, ह्यांचं त्याच्याशी कधी पटलं नाही. त्याच बुधवारी ह्यांनी शास्त्रातलं निर्गमाचं पुस्तक उघडलं. वडिलांच्या अन्यायाचं शासन देव मुलांना करतो, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो, आणि बापाच्या गर्वाइतका मोठा अन्याय नाही, असं तासभर समजावून सांगितलं. नाव कोणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, औषधवाला समोरच बसला होता. तो परत वर्गाला आला नाही. मी घरी आल्यावर म्हटलं, हे काही बरं केलं नाहीत. तर म्हणाले, वचन मी लिहिलेलं नाही.

आणि मग एका इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरचा जोड फाटला. वाफ फुटली तिथून एक बाई चादरींची गाडी ढकलत चालली होती. तिची मान भाजली, उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. जीव वाचला, पण बोटं पूर्वीसारखी मिटतील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. फाटलेल्या जोडाशेजारी नंबर होता बत्तीस.

बॉयलर आठ वर्षांपूर्वीचा. म्हणजे हे निवृत्त झाले आणि मुलानं नंबर घेतला त्याच वर्षीचा. कारखान्याच्या दप्तरात बॉयलर बाहेर पडल्याची तारीख सापडली, पण कोणता जोड कोणत्या दिवशी झाला याची नोंदच नव्हती. नंबर एक, पंच एक, आणि हाताचं वळणही एकच, कारण मुलाला शिकवलं ह्यांनीच. कारखान्यानं सरळ अर्थ लावला. थोरल्या बत्तीसचा जोड कधी गळत नाही, तेव्हा हा धाकट्याचा. मुलाला घरी बसवलं. गुरुवारी चौकशी होती, आणि दोष त्याच्यावर आला तर वेल्डरचा परवाना कायमचा जाणार होता. सतराव्या वर्षापासून त्यानं दुसरं काही केलेलं नाही, त्याला दुसरं काही येतही नाही.

मला वाटलं होतं, हे हादरतील. हे म्हणाले, घाई केली असणार, मी नेहमी सांगत होतो घाई करू नकोस. मुलगा ताटात बघत जेवत राहिला. चौकशीच्या नोटिशीबरोबर कापलेल्या जोडाचा एक्स-रे फोटो आला होता, तो त्यानं बापापुढे सरकवला. ह्यांनी तो बघितलाही नाही. दुसऱ्याच्या जोडावर मी मत देत नाही, म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि हे टेबलाशी लाल पेन्सिल घेऊन वाचत बसले होते. मध्येच मोठ्यानं वाचून दाखवू लागले. यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय. मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, बाप मुलाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, जो पाप करील तोच त्याचं फळ भोगील. पेन्सिलीनं खाली दोनदा रेघ ओढली, आणि धीर दिल्यासारखं माझ्याकडे बघितलं. माझं डोकं फिरलं. मी हात पुसत त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि विचारलं, औषधवाल्याच्या वेळी हे पान कुठे होतं? ते म्हणाले, दोन्ही वचनं देवाचीच आहेत, वरवर उलटी दिसतात, पण दोन्ही खरी आहेत.

"दोन्ही खरी आहेत," मी म्हटलं, "पण एक बापांना सांगितलंय, त्यांनी भ्यावं म्हणून. दुसरं मुलांना सांगितलंय, त्यांनी धीर सोडू नये म्हणून. तुम्ही बाप आहात आणि वाचताय मुलाचं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी थांबायला हवं होतं, पण माझा तोफखाना एकदा सुरू झाला की थांबत नाही. मी म्हटलं, हिज्कीया राजाचं काय झालं ते वाचा. परक्या दूतांना त्यानं मोठ्या दिमाखात आपलं सगळं भांडार उघडून दाखवलं. मग संदेष्टा येऊन म्हणाला, यातलं काही उरणार नाही आणि तुझी मुलं धरून नेतील. तर राजा म्हणाला, ठीक आहे, निदान माझ्या हयातीत तरी शांतता राहील. तो नम्र झाला म्हणून कोप टळला असं एका ठिकाणी लिहिलंय, पण टळला तो त्याच्यापुरता. मुलांवर गेलाच. हा कुठला न्याय, ते एकदा बुधवारी सांगा. ह्यांनी शास्त्र मिटलं. म्हणाले, तो राजा दोषी होता, माझा काय दोष? खिडक्या उघड्याच होत्या. समोरच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला.

बुधवारी दुपारी मी मुलाच्या खोलीत गेले. तो पलंगावर फोटो पुढ्यात घेऊन बसला होता. मला त्यातलं काय कळणार, काळ्या पट्टीत एक पांढरट रेघ दिसत होती. त्यानं बोटानं दाखवलं. ही डावी कड, पूर्ण वितळून पत्र्याशी एक झालीय, बघ किती सुंदर. आणि ही उजवी कड. इथे वितळलेला रॉड पोचलेलाच नाही. वरून झाकलं गेलंय, आतून मोकळं. आणि हे एका ठिकाणी नाही, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी विचारलं, असं कसं होतं? तो म्हणाला, घाई केली तर कुठेतरी सुटतं, सगळीकडे नाही सुटत. एवढं बोलून त्यानं फोटो पालथा ठेवला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मी तिथेच पलंगावर बसले.

आता मला सांगायलाच हवं. निवृत्तीला दहा महिने राहिले होते तेव्हा ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. नुसता उतरला नाही, पार पिकला. डॉक्टरांकडे गेले असते तर कारखान्याला कळलं असतं, आणि उरलेले महिने ह्यांना गोदामात बसून खिळे मोजावे लागले असते. छत्तीस वर्षांचा वेल्डर गोदामातून निवृत्त होणार, हे त्यांना सहन होईना. मलाही होईना. डाव्या डोळ्याला बारीक अक्षर आधीपासूनच लागायचं नाही, त्यामुळे शास्त्रपाठ दिसायचा नाही, म्हणून शनिवारी मी वाचायची आणि हे पाठ करायचे. रविवारी पुस्तक उघडं धरून उभे राहायचे, आणि पान कुठे उलटायचं ते मी पहिल्या बाकावरून खोकून सांगायची. लोक म्हणायचे, काय स्पष्ट वाचतात. आम्ही दोघं घरी येऊन हसायचो. शास्त्र पाठ करता येतं तसा जोडही हाताच्या सवयीवर होतो, असं ते म्हणायचे, आणि मी मान डोलवायची. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात शस्त्रक्रिया झाली. नजर परत आली, आणि ते दहा महिने आम्ही विसरून गेलो. मुलाला कधी सांगितलं नाही. पण तो त्याच खात्यात, दहा पावलांवर काम करत होता. त्याला काय कळलं नसेल?

"बाबांना काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मी उद्या माझा म्हणून सांगणार आहे. बाबांचं आता काय उरलंय? तो नंबरच ना."

मी म्हटलं, आणि तुझं काय उरेल? तो हसला आणि शास्त्रातलं गलतीकरांना लिहिलेलं पत्र सांगू लागला, एकमेकांची ओझी वाहा. बापाकडूनच शिकलाय, दुसरं काय करणार. मी म्हटलं, त्याच पानावर तीन ओळी खाली लिहिलंय, प्रत्येकानं आपला भार वाहावा. आणि मधल्या ओळीत लिहिलंय, प्रत्येकानं आपलं काम पारखून बघावं, मग खुशाल अभिमान बाळगावा. तो म्हणाला, आई, तीन ओळींत तीन गोष्टी सांगितल्यात, मी पहिली घेतली. संध्याकाळी वर्ग आटोपून हे घरी आले तेव्हा मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. हे वाट बघत उभे राहिले, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. मी पान वाढायला गेले.

गुरुवारी सकाळी चौकशी कारखान्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत होती. लांब टेबलामागे तिघं, मध्ये चौकशी अधिकारी म्हणून एक चष्मेवाल्या बाई. टेबलावर फडक्यावर तो कापलेला तुकडा ठेवलेला. मुलानं आत जाऊन जोड माझाच म्हणून सांगितलं होतं. पण कोणत्या महिन्यात केला, कोणत्या पाळीत केला, असं विचारल्यावर त्याला धड सांगता येईना, आणि बाईंचं समाधान होईना. म्हणून त्यांनी थोरल्या बत्तीसला बोलावलं होतं. दोघांच्या हातांतला फरक सांगू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं. ऐकू येत नाही म्हणून मला त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची दिली. बाई विचारणार आणि मी ते कानात सांगणार, असं ठरलं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

हे रुबाबात बसले होते. तुकडा हातात घेतला, आधी वरची बाजू बघितली आणि मान हलवली. वळण आमचंच आहे, म्हणाले, आवाजात समाधान होतं. मग तुकडा आडवा करून कापलेली बाजू वर केली. डाव्या कडेवरून अंगठा फिरवला. उजव्या कडेवर आणला आणि तिथे तो थांबला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

टेबलामागचे एक साहेब घड्याळ बघत होते. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. पोराला सोडवा, बोला एकदाचं, असं वाटत होतं, आणि बोलू नका असंही वाटत होतं, कारण त्यांनी सांगितलं की पुढचा प्रश्न माझ्यापर्यंत येणार हे मला कळत होतं.

"बाबा, तो माझा आहे," मुलगा भिंतीपासून ओरडला. "मी कबूल केलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

एवढ्या मोठ्यानं बोलल्यावर त्यांना ऐकू आलं. ते वळले. मुलाकडे बघत राहिले, आणि हा किती दिवसांपासून ओळखून आहे हे त्यांना तिथेच समजलं. मला त्यांचा चेहरा बघवला नाही.

"बाई, हा जोड माझा आहे," ते म्हणाले. "ह्याच्या हातून असा होणार नाही. त्या वर्षी मला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. फोटो काढला असता तर तेव्हाच कळलं असतं. काढला नाही, कारण माझा होता."

मुलगा पुढे येऊन काही बोलणार होता, बाईंनी हात करून त्याला थांबवलं. मग ह्यांना परत खुर्चीत बसवून एकेक प्रश्न विचारला, मी कानात सांगितला, ह्यांनी उत्तर दिलं. दिसत नसताना किती महिने काम केलं? दहा. अशा स्थितीत किती जोड केले असतील? चारशेच्या आसपास. ते कुठे कुठे गेले? ह्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. दोन इस्पितळं, एक वसतिगृह, साबणाचा कारखाना, शाळेचं स्वयंपाकघर. एकेक आठवत होतं, कोणत्या बॉयलरला किती जोड तेही. इतकी वर्षं हीच यादी ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगत आले होते. आता त्यांचा आवाज दर नावाला खाली जात होता. कडेचे साहेब भराभर लिहून घेत होते. या सगळ्या ठिकाणी आजच कळवावं लागेल, असं बाई त्यांना म्हणाल्या. मुलाला बसायला खुर्ची दिली, आणि परवान्याची कारवाई मागे घेत असल्याचं त्याला सांगितलं. तो बापाकडे बघत होता, त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

मग बाईंनी कागदावरून नजर न काढता शेवटचं विचारलं. दिसत नाही हे आणखी कोणाला माहीत होतं का? ह्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कानाशी गेले आणि प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"कोणालाच नाही," ते म्हणाले. "मी कोणाला कळू दिलं नाही."

हे बोलताना त्यांनी टेबलाखाली माझा हात धरला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी एवढं मोठं काही केलं नव्हतं, आणि माझ्या मनात माया दाटून आली, हे मी नाकारत नाही. बाई लिहीत होत्या, कोणालाच नाही. मुलगा सुटला होता, ह्यांनी सगळं आपल्या डोक्यावर घेतलं होतं, आणि मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. मला घरी जाता आलं असतं. पण चादरींची गाडी ढकलणारी ती बाई काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. मी हात सोडवून घेतला आणि उभी राहिले.

"ते खोडा, बाई," मी म्हटलं. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

बाईंनी पेन थांबवलं आणि मला खुर्ची टेबलापुढे घ्यायला सांगितली. ह्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते माझी बाही ओढून विचारत होते, काय म्हणालीस, काय सांगितलंस त्यांना? मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.